चार बोटं तार

मी भूल देते. माझा धंदा थोडक्यात सांगायचा तर बोलत्या माणसाला गप्प करायचं आणि काम आटोपलं की परत बोलतं करायचं. त्रिशूरच्या आमच्या इस्पितळात मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं काम चालतं त्या खोलीत मी एकोणीस वर्षं रोग्याच्या उशाशी बसते आहे. त्या जागेवरून सगळं दिसतं. पडदे दिसतात, डॉक्टरांच्या मानेवरचा घाम दिसतो, आणि त्यांच्या शेजारी पाटावर उभी राहिलेली कुंजन्नम सिस्टर दिसते. डॉक्टर येतात, नाव कमावतात, कोचीच्या मोठ्या इस्पितळात निघून जातात. कुंजन्नम तिथेच. तिच्याबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही म्हणून मी लिहायला बसले. मला राग लवकर येतो, तो अधूनमधून कागदावरही उतरेल, तेवढं चालवून घ्या.

कुंजन्नमची उंची पावणेपाच फूट. क्ष-किरणांपासून बचावाचा शिशाचा कोट अंगात घातला की तो घोट्यापर्यंत येतो आणि ती चालायला लागली की पिंप चाललंय असं वाटतं. टेबलापर्यंत हात पोचावा म्हणून तिने इस्पितळाच्या सुताराकडून एक पाट करून घेतला आहे. त्या पाटावर दुसऱ्या कुणी पाय ठेवलेला तिला खपत नाही. एकदा आरोग्यखात्याचे कुणी बडे साहेब पाहणी करायला आले आणि त्या पाटावर चढून पडदा बघायला लागले. "उतरा," ती म्हणाली. साहेब उतरले.

खोलीत शिकायला येणारी पोरं एकमेकांना सांगतात की कुंजन्नम सोनाराची मुलगी आहे, लहानपणापासून सोन्याच्या तारा ओढल्यात, म्हणून तिचा हात असा. गोष्ट ऐकायला छान आहे. मी एकदा तिला विचारलं तर ती हसून हसून वाकली. "अहो लैला डॉक्टर, माझा अप्पन रेशनच्या दुकानात रॉकेल मोजायचा! तारा कुठल्या? आमच्या घरात तार म्हणजे कपडे वाळत घालायची." नर्सिंग शिकली, ओमानला गेली, तिथे पाच वर्षं राहून ओल्लूरला दोन खोल्यांचं घर बांधलं. घरावर छप्पर चढल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात राजीनामा देऊन परत आली. तिथल्या जेवणाला चव नव्हती, असं कारण ती सांगते. लग्न केलं नाही. त्याचंही कारण विचारलं तर हेच सांगते.

आता तिचं काम. मेंदूतल्या रक्तवाहिनीला कधीकधी फुगा येतो. नातेवाइकांना हे समजावून सांगायचं काम डॉक्टरांचं, पण डॉक्टर सांगून गेले की सगळे वळतात कुंजन्नमकडे. ती सांगते, "भिंतीला पोपडा धरलाय बघा. फुटला तर घर जाईल. आम्ही मांडीतून एक नळी वर नेतो, तिच्यातून दुसरी, अगदी बारीक, पोपड्याच्या आत. मग प्लॅटिनमची तार आत सोडायची, ती आपोआप गुंडाळी होऊन बसते. चार-पाच गुंडाळ्या भरल्या की पोपडा बंद." या गुंडाळीला आम्ही कॉइल म्हणतो. केसाएवढी असते आणि तिला ढकलायला मागे सहा फूट लांब पोलादी तार जोडलेली असते. कॉइल नीट बसली की तेवढीच सोडवायची, तार परत घ्यायची. बसली नाही, तर पूर्ण कॉइल मागे ओढून पुन्हा बसवायची.

धोका तो या ओढण्यातच. आतली कॉइल कुठे अडकली असेल आणि बाहेरून ओढत राहिलं, तर गुंडाळी उसवते. स्वेटरचा दोरा ओढल्यासारखी. हाताला वाटतं तार येते आहे, पण आत टोक जागचं हललेलं नसतं. मग ना ती पुढे जाते, ना मागे येते. उसवलेला धागा वाहत्या रक्तात लोंबत राहतो आणि त्यावर रक्ताच्या गुठळ्या धरायला लागतात.

खोलीतले सगळे लोक पडद्याकडे बघत असतात. कुंजन्नम हाताकडे बघते. तारेची मागची बाजू तिच्या हातात असते. बाहेर आलेली तार ती बोटांनी मापते आणि मग पडद्याकडे एक नजर टाकते. हातात किती आली, आत किती हलली. दोन्ही सारखं असेल तर ठीक. आणि हे सगळं ती मोठ्याने बोलते. "एक बोट आलं, हलली. दुसरं आलं, हलली. हां, शहाणी माझी, ये." जुने रामनुण्णी डॉक्टर होते तेव्हा ही बडबड खोलीतल्या पंख्याच्या आवाजासारखी झाली होती. ती थांबली की डॉक्टरांचा हात आपसूक थांबायचा.

ही सवय तिला लागली ती एका पालक्काडच्या शिक्षिकेमुळे. फार जुनी गोष्ट. तेव्हा कुणीच मोजत नव्हतं. हातभर तार बाहेर आली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं. त्या बाई वाचल्या, पण उजव्या हाताने खडू धरणं गेलं ते गेलंच. कुंजन्नम ते कुणाला सांगत नाही. मला सांगितलं कारण मी त्या दिवशी तिथेच होते.

रामनुण्णी निवृत्त झाले आणि डॉक्टर अभिलाष वारियर आले. वय अडतीस, दिल्लीत शिकलेले, मग दोन वर्षं परदेशात. हात सोन्यासारखा, ते मी पहिल्याच आठवड्यात मान्य केलं. पण त्यांना शांतता लागायची. दुसऱ्याच आठवड्यात दारावर कागद लागला: काम चालू असताना डॉक्टरांखेरीज कुणी बोलू नये. मग ते कुंजन्नमकडे वळून अगदी हसतमुखाने म्हणाले, "सिस्टर, तुमची क्रिकेटची कॉमेंट्री आता बंद, बरं का. माझं लक्ष जातं."

"बरं, सार," कुंजन्नम म्हणाली.

बस. तीन महिने ती त्या पाटावर तोंडाला कुलूप लावून उभी राहिली. मी कँटीनमध्ये तिला डिवचलं, "तू ऐकून कसं घेतलंस गं? आरोग्यखात्याच्या साहेबाला खाली उतरवणारी तू!"

"तो पाट माझा होता," ती केळ्याचं भजं मोडत म्हणाली. "खोली त्यांची आहे. आणि खरं सांगू? त्यांचा हात चांगला आहे. मला वाटलं, आता गरज नसेल."

मला तिचाच राग आला. पण बोलले नाही. म्हणजे मीही गप्प बसणाऱ्यांतलीच.

सुगतन आला तो या गप्प दिवसांत. सुगतन म्हणजे जीपवर कर्णा बांधून गावोगाव फिरणारा माणूस. लॉटरीची सोडत, फर्निचरची स्वस्त विक्री, चर्चचा उत्सव, देवळाचा उत्सव, कुणाच्या हरवलेल्या गाईचं वर्णन, सगळं त्याच्या तोंडून. इरिंजालकुडा ते चालकुडी या पट्ट्यात त्याचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता, आवाज मात्र तान्ह्या पोरालाही ठाऊक. वय शेहेचाळीस. महिन्याभरापूर्वी त्याची डावी पापणी अर्धी खाली आली. जीपमध्ये माईक घेऊन बसलेला माणूस अर्धा डोळा मिटून बघतोय म्हटल्यावर लोकांनी अर्थ काढायचा तो काढला. एका दुकानदारणीने त्याच्यावर छत्री उगारली. दुसरी मात्र हसली, असं तो स्वतः सांगतो. शेवटी बायको विलासिनी त्याला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, डोळ्यांच्या डॉक्टरने आमच्याकडे पाठवलं. मेंदूला रक्त नेणाऱ्या डाव्या वाहिनीला फुगा आला होता आणि तो पापणीच्या नसेवर दाबत होता.

डावी बाजू म्हणजे बोलण्याची बाजू. तिथल्या पुढच्या फांदीत गुठळी गेली तर माणूस जगेल, पण शब्द हरवतील. डॉक्टर अभिलाषनी हे त्याला स्पष्ट सांगितलं. त्यात त्यांची चूक नाही, सांगावंच लागतं.

सकाळी टेबलावर आल्यावर सुगतनचं तोंड चालूच होतं. "बंधूंनो आणि भगिनींनो! येत आहे, येत आहे, सुगतनच्या डोक्यात प्लॅटिनम! ज्याच्या घरात सोनं नाही त्याच्या डोक्यात प्लॅटिनम!" खोलीतले सगळे हसले, डॉक्टर अभिलाषही. विलासिनी दाराशी उभी होती. "डॉक्टर," ती मला म्हणाली, "दोन दिवस यांचं तोंड बंद ठेवता आलं तर बघा. मला जरा झोप मिळेल." म्हणाली आणि पदर तोंडाला लावून वळली.

मी त्याच्या हातात सुई टोचत होते तेव्हा तो हळू आवाजात बोलला. इतक्या हळू आवाजात तो बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं.

"डॉक्टर, एक विचारू? मी चौथीत शाळा सोडली. दुसरं काही येत नाही मला. हे तोंडच काय ते आहे. परत बोलता येईल ना?"

"येईल," मी म्हणाले. असं कुणाला छातीठोक सांगू नये हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

"सुगता," कुंजन्नम पायाकडून म्हणाली, "मी आहे इथे. तू झोप."

पहिल्या तीन कॉइल्स सुरेख बसल्या. डॉक्टर अभिलाष काम करत होते, खोलीत यंत्राची पीप-पीप सोडून आवाज नव्हता. चौथी कॉइल शेवटची, छोटी. तिचा एक वेढा फुग्यातून बाहेर, मुख्य वाहिनीत डोकवायला लागला. ते चालण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी तिला मागे घ्यायला सुरुवात केली.

मी पडद्याकडे बघत होते. मग सवयीने कुंजन्नमकडे बघितलं. तिच्या हातात दोन बोटं तार आली होती आणि तिचा चेहरा बदलला होता. ओठ हलले, आवाज आला नाही. तिची नजर दारावरच्या कागदाकडे गेली, मी स्वतः पाहिलं. डॉक्टरांनी पुन्हा ओढलं. तार आली. चार बोटं.

"थांबा!" कुंजन्नम म्हणाली.

"सिस्टर..."

"थांबा म्हणते ना मी! हात काढा तारेवरचा. चार बोटं आली, आत टोक तसूभर हललेलं नाही. उसवतेय ती."

डॉक्टर अभिलाषनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे, मग परत पडद्याकडे. मानेवर घाम मला लख्ख दिसला. चित्र मोठं करून घेतलं. फुग्याच्या तोंडाशी कॉइलची गुंडाळी जाऊन तिथे एक सरळ, बारीक रेघ झाली होती.

"अडकलीय," ते म्हणाले. "आधीच्या कॉइल्समध्ये गुंतलीय. ढकलून आत जाणार नाही. ओढली तर तुटेल." मग जरा थांबून, "तुटली तर धागा डाव्या वाहिनीतच राहणार."

मी गुठळी होऊ नये म्हणून औषध वाढवलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

"फास आहे का आपल्याकडे?" त्यांनी विचारलं. फास म्हणजे तारेच्या टोकाला असलेला बारीक सरकता वेढा. वाहिनीत नेऊन एखादी गोष्ट पकडायची आणि आवळायची.

"आहे. पण दुसऱ्या नळीतून नेला तर त्या धाग्याचा वाहिनीत पाठलाग करावा लागेल, सार. विहिरीत सुई शोधण्यासारखं. रामनुण्णी सार एक वेगळं करायचे." कुंजन्नम एका दमात बोलत होती, तीन महिन्यांचं साचलेलं. "ही बारीक नळी आत आहेच ना? हिचं मागचं बूड कापून टाकायचं. मग फास हिच्यावरच ओवायचा, बांगडीसारखा, आणि हिच्याच अंगावरून वर सरकवत न्यायचा. नळीच रस्ता दाखवते. टोकाच्या पुढे गेला की कॉइल जिथे अजून उसवलेली नाही तिथे आवळायचा आणि सगळं एकत्र मागे."

"वाचलंय मी," डॉक्टर म्हणाले. "केलेलं नाही."

"मी दोनदा पाहिलंय."

"दोन्ही वेळा जमलं?"

"एकदा जमलं." कुंजन्नम कधी गोड करून सांगत नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

बूड कापायचं म्हणजे नळीचं प्लॅस्टिक कापायचं, आणि तिच्या आतून जाणारी तार मात्र कापायची नाही. ती तार तुटली की आतल्या कॉइलवरचा ताबा सुटला. डॉक्टर अभिलाषनी एका हाताने मांडीजवळ नळी घट्ट धरून ठेवली होती, तिथून ती केसभरही सरकता कामा नये. दुसऱ्या हाताने पातं उचललं. उचलून परत ठेवलं.

"सिस्टर, तुम्ही कापा."

"मी?"

"माझा हात थरथरतोय," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात म्हणाले. त्या क्षणापासून माझा त्यांच्यावरचा राग गेला.

कुंजन्नमने पातं घेतलं. नळी दोन बोटांत धरून हळूहळू फिरवली आणि पातं नुसतं टेकवून ठेवलं, जसं उकडलेलं अंडं दोऱ्याने गोल कापतो तसं. प्लॅस्टिकचं बूड सुटून तिच्या तळहातावर आलं. आत पोलादी तार अखंड.

"वा," मी म्हणाले. दारावरचा कागद गेला खड्ड्यात.

डॉक्टरांनी फास ओवला. मग मान न वळवता म्हणाले, "सिस्टर, आता बोला. मोठ्याने. थांबू नका."

आणि खोलीत तो आवाज परत आला. "चाललाय, चाललाय. गळ्यापाशी. नळी स्थिर आहे, माझ्या हातात काही आलं नाही. चालू द्या. वळणावर अडला, ओढू नका, फिरवा. हां. सुटला. शहाणा माझा. टोकाशी आला. अजून अर्धं बोट. अजून. सार, बस! इथे धरा." डॉक्टरांनी फास आवळला. "आता मागे. एक बोट आलं, हलली! दुसरं आलं, हलली! तिसरं... थांबा, बाकीच्या कॉइल्स हलल्या का? नाही हलल्या. चला. चौथं, हलली!" गुंतलेली चौथी कॉइल फुग्यातून सुटली आणि नळी, तार, फास सगळं एका मुठीत बाहेर आलं. पांढऱ्या कपड्यावर ते पडलं तेव्हा त्या उसवलेल्या धाग्याची लांबी माझ्या हाताएवढी होती.

तीन कॉइल्सनी फुगा पुरेसा भरला होता. आम्ही आनंदाने ओरडणार तेवढ्यात डॉक्टरांनी शेवटचं चित्र घेतलं. एका छोट्या फांदीत रक्त रेंगाळत भरत होतं. बोलण्याच्या बाजूची. गुठळीचा एक कण तिथे जाऊन बसला होता. मी विरघळवायचं औषध सोडलं आणि आम्ही पंधरा मिनिटं पडद्यासमोर उभे राहिलो. कुंजन्नम पाटावरून उतरली नाही. पुन्हा चित्र घेतलं. फांदी भरली होती. आधीच्या काही मिनिटांत काय झालं असेल, ते पडदा सांगत नाही. ते माणूस जागा झाल्यावर कळतं.

जागं करणं माझ्याकडे. घशातली श्वासाची नळी काढली. सुगतनने डोळे उघडले, एक पूर्ण आणि एक अर्धा. उजवा हात हलव म्हटलं, हलवला. पाय हलवला. "नाव काय तुझं?"

काही नाही. नुसता बघत राहिला.

डॉक्टर अभिलाष भिंतीला टेकले. विलासिनीला आत घेतलं. ती त्याच्या तोंडाजवळ वाकली आणि एरवीसारखं ठसक्यात बोलायला गेली, पण आवाज फाटला. "अहो. काहीतरी बोला ना. शिव्या द्या हवं तर."

सुगतनचे ओठ हलले. घसा नळीने खरवडलेला. "विलासिनी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जरा... गप्प बस की. डोकं दुखतंय."

तिने त्याच्या खांद्यावर एक चापट मारली आणि तिथेच खाली बसून रडली. आमच्या जिवात जीव आला.

पण गोष्ट इथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी वॉर्डमधून निरोप आला. सुगतन बोलतोय, सगळ्यांची नावं घेतोय, नर्सांना हसवतोय, पण आकडे गेले. एक ते सहा म्हणतो आणि पुढे भिंत. वय विचारलं तर "चाळीस आणि..." म्हणून थांबतो. लॉटरीचा नंबर जीपवरून पुकारणारा माणूस. त्याने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "आता फक्त फर्निचर," म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून झोपला.

संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर कुंजन्नम वॉर्डात गेली. मी आणि डॉक्टर अभिलाष फेरीसाठी तिथे होतो. ती स्टूल ओढून त्याच्या खाटेजवळ बसली आणि सरळ म्हणाली, "सुगता, तुझे आकडे माझ्यामुळे गेलेत. तार दोन बोटं आली तेव्हा मला कळलं होतं. मी बोलले नाही. चार झाली तेव्हा बोलले. मी आहे इथे, असं म्हणून तुला झोपवलं, आणि मी गप्प बसले."

मी पुढे होणार होते. डॉक्टर अभिलाष माझ्या आधी पुढे झाले. "सिस्टरना गप्प मी केलं होतं," ते म्हणाले. "ओढणारा हातही माझाच होता. रागवायचं तर माझ्यावर रागवा, सुगतेट्टा." एट्टा म्हणजे दादा.

सुगतनने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मला गप्प माणसांचं काही कळत नाही," तो म्हणाला. मग कुंजन्नमला, ताईला म्हणावं तसं, "चेची, भांडण नको. तुम्ही मोजता ना? मग मला मोजायला शिकवा."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच वाजता कुंजन्नम त्या स्टुलावर. त्याचे दोन्ही हात हातात घेऊन एकेक बोट दुमडायची. "एक." "एक." "दोन." "दोन." सहापर्यंत दोघं बरोबर यायची आणि सातव्या बोटाशी तो अडायचा. घाम फुटायचा. चिडायचा. एकदा तिचा हात झटकून टाकला. "तुमची बोटं तुमच्याकडे ठेवा, जा घरी!" ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. "माझी बस पावणेसहाला आहे. तोपर्यंत काय करू? दे हात." घरून उकडलेली कप्पा, म्हणजे आमच्याकडचा टॅपिओकाचा कंद, आणि मिरचीची चटणी आणायची, सहापर्यंत पोचला की एक घास. विलासिनी म्हणायची, "चेची, असं केलंत तर ते मुद्दाम अडकतील." चौथ्या दिवशी "सा" एवढं आलं आणि बुडालं. पाचव्या दिवशी काहीच नाही. मी तिला बाहेर गाठून सांगितलं, सगळं परत येतंच असं नसतं, कुंजन्नम. "मला माहिती आहे," ती म्हणाली. "पालक्काडच्या बाईंचा हात नाही आला." आणि रुमालाने डोळे पुसून पुन्हा आत गेली.

सहाव्या संध्याकाळी मी वॉर्डाच्या दारात होते. कुंजन्नम म्हणाली "सहा" आणि त्याच्या बोटावर हात ठेवून थांबली. नेहमीसारखी पुढचा आकडा सांगून तिने त्याला ढकललं नाही. नुसती थांबली. सुगतनने डोळे मिटले. मग छाती भरून श्वास घेतला, माईक तोंडाजवळ धरतात तसा उजवा हात वर आला, आणि इरिंजालकुड्याच्या बाजारात ऐकू जावा असा आवाज निघाला.

"सात!"

वॉर्डातल्या चौदा खाटा एकदम उठून बसल्या.

"आठ! नऊ! दहा! अकरा!"

"हळू, सुगता, हळू," कुंजन्नम म्हणाली, पण दुमडायला बोटं संपली होती आणि तो थांबायला तयार नव्हता. एकोणीस, वीस, एकवीस. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने टाळ्यांचा ठेका धरला. विलासिनी दोन्ही कानांवर हात ठेवून हसत होती. वॉर्डची मुख्य सिस्टर धावत आली आणि ओरडली, "हे काय चाललंय? रोगी झोपलेत इथे! कुंजन्नम, त्याला गप्प कर!"

"नाही करणार," कुंजन्नम म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "बोलू दे त्याला."

शेहेचाळीसला आल्यावर सुगतनने दम घेतला. "हे माझं वय," तो म्हणाला, आणि सत्तेचाळीसपासून पुढे सुरू झाला. त्या दिवशी कुंजन्नमची पावणेसहाची बस चुकली.